अंगठ्यासाठी मारलेले राक्षस

माझ्या हातून एकूण दोनशे बारा राक्षस मेले, आणि ते सगळे वैद्यकीय सल्ल्याने. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या इमारतीत या प्रकरणाबद्दल बरंच वेडंवाकडं बोललं गेलं आहे.

झालं असं, की वजनमापे खात्यात सत्तावीस वर्षं दुकानदारांच्या वजनांवर शिक्के मारून मारून माझा उजव्या हाताचा अंगठा एके दिवशी दुमडला, तो परत उलगडेचना. ऑपरेशन झालं. दीड महिन्याची रजा घ्यावी लागली. आता रजेच्या अर्जावर सही लागते. उजव्या हाताने केली असती तर साहेब म्हणाले असते, सही करता येते मग रजा कशाला? म्हणून डाव्या हाताने केली. अर्ज परत आला. शेरा : "सही दप्तरातल्या नमुन्याशी जुळत नाही." ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं माप पकडलं, त्याची स्वतःची सहीच खोटी ठरली. शेवटी बायकोने जाऊन साहेबांना माझ्या बँडेजचा फोटो दाखवला तेव्हा रजा मंजूर झाली.

रोज अकरा ते एक व्यायामासाठी जायचं होतं. तिथल्या बाईंना आम्ही पेशंट मंडळी आपसात 'अंगठेबाई' म्हणायचो. पहिले चार दिवस त्यांनी मला रबरी चेंडू दाबायला लावला. पाचव्या दिवशी माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "घरी व्हिडिओ गेम आहे का?"

"मुलीचा आहे. ती नोकरीला परगावी गेली. टीव्हीखाली धूळ खात पडलाय."

"मग तो खेळा. दुपारी दोन तास. अंगठ्याला त्याच्यासारखा व्यायाम नाही."

मुलीने फोनवरून सगळं लावून दिलं. हसू दाबत दिलं, हे मला फोनवरूनही कळत होतं. "बाबा, तो तलवारवाला म्हणजे तुम्ही. हे धुक्याचं खोरं. राक्षस मारत मारत पुढे जायचं. पण घंटेवाला दिसला तर दहा पावलांच्या आत जायचं नाही. तो सोडत नाही."

"घंटेवाला म्हणजे?"

"आवाज येईल तेव्हा कळेल," ती म्हणाली. या वेळी मात्र ती हसली नाही.

आता घरात त्या वेळी कोण कोण असायचं ते सांगतो. बायको एका ग्रंथालयात कामाला. ती साडेनऊला निघायची ती सहाला परत. मग उरायची आत्या. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं मोठ्या सरकारी इस्पितळात नर्स, त्यातली शेवटची पंधरा वर्षं वॉर्डाची मुख्य सिस्टर. लग्न केलं नाही. तिच्याच बरोबरीच्या एका नर्सबाईंबरोबर तीस-पस्तीस वर्षं एका बिऱ्हाडात राहिली. तीन महिन्यांपूर्वी त्या बाई वारल्या आणि मी आत्याला आमच्याकडे घेऊन आलो. आली तेव्हापासून तिने "हो" आणि "नको" याखेरीज तिसरा शब्द उच्चारला नव्हता. रडली नव्हती. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायची. जेवण म्हणजे चार घास. डॉक्टर म्हणाले, वय झालं. बायकोने एका वृद्धाश्रमाचा अर्ज आणून ठेवला होता. तिथे निदान चोवीस तास माणसं तरी असतील, असं तिचं म्हणणं. त्या अर्जावर सही करायची तर माझा अंगठा आड येत होता, आणि खरं सांगायचं तर या एका बाबतीत मला अंगठ्याचं वाईट वाटत नव्हतं.

असो. मी लढायला लागलो.

पहिले भेटले ते गोळे. हिरवट, बिलबिलीत, उकळत्या पिठासारखा आवाज करणारे. मुलीच्या मते हे लहान मुलांसाठीचे राक्षस. त्यांनी मला नऊ वेळा मारलं. मग सांगाडे भेटले. हातात ढाली, आणि चालताना हाडांचा असा आवाज की आमच्या जुन्या कपाटाची दारं आठवावीत. मग माणसाच्या चेहऱ्याचे लांडगे. ते अंगावर यायच्या आधी थांबून हसायचे. एकदा एक छानशी लाकडी पेटी दिसली. सरकारी माणूस, बंद पेटी दिसली की तपासणारच. उघडली तर तिला दात होते. आणि तळ्याकाठी पाठमोरी बसून मुसमुसणारी एक बाई होती. मी सभ्यपणे बाजूने निघालो होतो. तिने मान वळवली. तिला पुढून चेहराच नव्हता. मी कंट्रोलर टाकून उठलो आणि भर दुपारी दिवाणखान्यातला दिवा लावला.

हे सगळं वरच्या मजल्यावरच्या कप्तानांच्या देखत व्हायचं. कप्तान म्हणजे मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत नोकरी केलेले निवृत्त गृहस्थ. समुद्र त्यांनी फारसा पाहिला नसावा, पण जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांच्याकडे सल्ला तयार असतो. रोज दुपारी ते येऊन माझ्या शेजारी बसायचे. "अहो निरीक्षक, मागून घाला. सांगाड्याला पाठ नसते, पण मागून घाला." एकदा त्यांच्या सल्ल्याने मी कड्यावरून उडी मारली. योद्धा मेला, आणि कप्तान म्हणाले, "माझा अंदाज होता तसंच झालं."

तरीही हळूहळू हात बसला. दुसऱ्या आठवड्यात मी एका दुपारी एकोणीस सांगाडे पाडले. या खेळात मेलेला राक्षस नाहीसा होत नाही, पडला तिथे तसाच पडून राहतो. तेव्हा खोऱ्यात जिकडेतिकडे माझा पराक्रम वेडावाकडा पसरलेला होता. कुणी पालथा, कुणी झऱ्यात अर्धा. मला काय त्याचं? मी चहाला उठायचो.

आणि मग तो मंगळवार आला.

व्यायामाहून दीड वाजता परतलो, खेळ लावला, आणि योद्धा भलत्याच जागी उभा. मी त्याला झऱ्याकाठी सोडला होता. आता तो एका पडक्या देवळाच्या भिंतीपाशी उभा होता. आणि भिंतीलगत, एका सरळ रेषेत, माझे सगळे सांगाडे निजवलेले होते. उताणे. पाय जुळवलेले. हात अंगालगत. प्रत्येकाच्या उशाशी जमिनीत खोचलेली एकेक पेटती मशाल. धुक्यात त्या मशाली कुठवर गेल्या आहेत तेच दिसत नव्हतं.

मी मोजले. सवयच ती. एकोणीस.

"हा गेमचाच भाग असेल," कप्तान म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीपेक्षा पातळ होता.

मुलीला फोन लावला. "ओळीत म्हणजे? बाबा, असं काही गेममध्ये नाहीये. प्रेत ओढता येतं, पण ते कुणीतरी एकेक करून ओढावं लागतं. एकाला पाच-पाच मिनिटं लागतात. कोण करेल?" मग थोडं थांबून, "बाबा, मला घाबरवताय का तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी लांडगेही ओळीत होते. त्यांचे जबडे मिटलेले होते. तिसऱ्या दिवशी तळ्याकाठची बाई, जिला मी आदल्या दुपारी डोळे मिटून कशीबशी मारली होती, ती ओळीच्या टोकाला निजलेली दिसली. तिच्या नसलेल्या चेहऱ्यावर कुणीतरी माझ्या योद्ध्याचा लाल अंगरखा पांघरला होता. योद्धा उघडा उभा होता.

खोटं कशाला बोलू? मी घाबरलो. आणखी एक गोष्ट मी तोवर कुणाला सांगितली नव्हती. टीव्हीसमोरची खुर्ची मला रोज कोमट लागायची. आणि मी आडवातिडवा टाकलेला कंट्रोलर पुसून, टेबलाच्या कडेशी काटकोनात ठेवलेला असायचा.

मी कंपनीकडे रीतसर तक्रार केली. चार मुद्दे, दोन जोडपत्रं. आमच्या खात्यातही इतकी नीट तक्रार येत नाही. उत्तर आलं : "आपल्या खात्यात कोणतीही अनियमितता आढळली नाही. खेळाडू आपल्याच यंत्रावरून रोज ११.१० ते १२.५० या वेळेत खेळत आहे. या वेळेत खेळाडूने एकाही राक्षसाला मारलेले नाही. तक्रार निकाली काढण्यात येत आहे."

तो कागद मी बायकोपुढे धरला. तिने तो दोनदा वाचला. "अहो, या वेळेत घरात कुणीच नसतं," ती म्हणाली. मग मागच्या खोलीकडे बघून हळूच म्हणाली, "म्हणजे आत्या असतात. पण त्या तर उठतसुद्धा नाहीत."

राहता राहिले कप्तान. आमच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असते. मी तपासाच्या पद्धतीने, शांतपणे, त्यांना विचारलं, "काल बारा वाजता आपण कुठे होता?" त्यावर त्या गृहस्थाने जिन्यात उभं राहून जे भाषण केलं, ते ऐकायला तिन्ही मजल्यांची दारं उघडली. मी त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक स्क्रूसुद्धा घरी आणला नव्हता, आणि वजनमापे खात्याचा तर ते आधीपासूनच तिरस्कार करत होते. शेवटी म्हणाले, "उद्या तुम्ही व्यायामाला जाऊ नका. आपण दोघं इथेच, या पायरीवर बसू. बघू कोण येतंय ते!"

आमच्या दिवाणखान्याची एक खिडकी जिन्याकडे उघडते. तिला जाळी आहे, आतून पडदा. दुसऱ्या दिवशी पावणेअकराला मी नेहमीसारखं "येतो गं आत्या" म्हणून दार ओढून घेतलं, आणि दोन बाप्ये चपला हातात घेऊन पायरीवर बसलो. कप्तानांनी संरक्षणासाठी पान्हा आणला होता. बाहेर चांगलं ऊन होतं. जिन्यात कुणाच्यातरी कुकरचा वास दरवळत होता.

कुणी आलं नाही. दार वाजलं नाही. किल्ली फिरली नाही.

आणि बरोबर अकरा दहाला आतून टीव्ही सुरू झाला. पडद्यावर निळसर उजेड हलायला लागला. कप्तानांनी माझं मनगट धरलं, नेमकं ऑपरेशनच्या हाताचं. मग आला घंटेचा आवाज. मी तो तोवर एकदाही ऐकला नव्हता. फुटक्या पितळेसारखा. एक ठोका, मग इतका वेळ शांतता की वाटावं संपलं, आणि मग दुसरा, जरासा जवळ.

आणि त्या दोन ठोक्यांच्या मध्ये, अगदी हळू, कुणीतरी बोलत होतं. "झालं हं. थोडंच राहिलंय. अंग सैल सोडा बघू. अस्सं."

कप्तानांचा पान्हा तीन पायऱ्या वाजत खाली गेला. मागोमाग कप्तान जाणार होते, पण माझं मनगट त्यांना सोडवेना, त्यामुळे ते राहिले. मी डाव्या हाताने दार उघडलं.

खुर्चीत आत्या ताठ बसली होती. केस विंचरलेले, चष्मा लावलेला, पदर खोचलेला. हातात कंट्रोलर. पडद्यावर योद्धा एका हिरव्या गोळ्याला सावकाश ओढत भिंतीकडे नेत होता. आणि त्याच्या मागे, दहा तर सोडाच, चार पावलांवर, देवळाच्या कमानीएवढा उंच एक काळा आकार उभा होता. त्याला डोकं होतं की नाही ते धुक्यात दिसत नव्हतं. हातातली घंटा मात्र दिसत होती.

"आत्या, मागे बघ! पळ!" मी ओरडलो.

"ओरडू नकोस," आत्या म्हणाली. तीन महिन्यांतलं तिचं मला उद्देशून पहिलं वाक्य. "तो काही करत नाही. रोज येतो. माझं होईपर्यंत उभा राहतो, मग जातो."

तिने गोळ्याला ओळीत निजवला. गोळ्याला हात नसतात, पाय नसतात. तरी तिने त्याला दोनदा इकडून तिकडे सरकवून सरळ केला. उशाशी मशाल खोचली. काळा आकार एकदा वाकला, वळला आणि ठोके देत धुक्यात गेला.

मी खाली जमिनीवरच बसलो. कप्तान दारात.

"आत्या, तुला हे कुणी शिकवलं?"

"तुझं बघून. रोज दुपारी दाराआडून दिसतं." तिने चष्मा काढून पुसला. "तू त्यांना मारतोस ते मार. तुझ्या अंगठ्याचं औषध आहे. पण मारलंस की पडेल तसं टाकून चहाला जातोस? माझ्या वॉर्डात एकही माणूस असा पडून राहिला नाही. कोण कुठला का असेना. डोळे मिटायचे, हात नीट करायचे, चादर घालायची, मगच दुसऱ्या कामाला हात. चाळीस वर्षं."

कप्तानांना राहवलं नाही. "पण आत्याबाई, हे राक्षस आहेत."

"वॉर्डातही होते," आत्या म्हणाली.

मग ती पडद्याकडे बघतच बोलायला लागली. तिचा आवाज बदलला नाही, म्हणून ते ऐकायला जास्त जड गेलं.

"तिला संध्याकाळी नेलं अँब्युलन्सने. मी मागून गेले. काउंटरवर मुलगी होती, म्हणाली, नातं काय? मी म्हटलं, आम्ही एकत्र राहतो. ती म्हणाली, ते फॉर्ममध्ये नाही. नातेवाईक असेल तर आत सोडू. मी चाळीस वर्षं ज्या इस्पितळात होते तिथेच, बाकावर बसले. सकाळी तिचा पुतण्या आला, त्याने सही केली, तेव्हा आत गेले. कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर होती. तोंड उघडं. एक हात खाली लोंबकळत. रात्रभर कुणी उचलून वर ठेवला नव्हता. तोवर तो ताठ झाला होता रे. मला सरळ करता आला नाही."

कप्तानांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या. त्यांना सल्ला सुचला नाही, असा तो पहिला प्रसंग.

संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती आत गेली आणि आत्याशेजारी बसली. तासाभराने बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तो वृद्धाश्रमाचा अर्ज तिने माझ्यासमोर चार तुकडे करून टाकला.

त्यानंतर आमच्या घरात कामाची विभागणी झाली. दुपारी मी आणि कप्तान मारायचो. सकाळी आत्या आवरायची. ओळ वाढत वाढत देवळाला वळसा घालून गेली. आत्या हळूहळू बोलायला लागली, पण फक्त आमच्या चुकांबद्दल. "काल त्या लांडग्याला पाण्यात का पाडलात? मला अर्धा तास लागला काढायला." दोनशे बाराव्याला मी मुद्दाम कोरड्या जागी गाठून मारलं.

रविवारी बायकोलाही सुट्टी होती. सकाळी अकराला आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. आत्याने दोनशे बारावा निजवला. मग ती योद्ध्याला दोन पावलं पुढे घेऊन गेली आणि रिकाम्या जमिनीवर एक मशाल खोचली.

"ही कुणासाठी?" मी विचारलं.

घंटा वाजली. तो आला. ऊन थेट टीव्हीवर पडत होतं, तरी खोलीत गारठा आल्यासारखं मला वाटलं. बायकोने माझी बाही धरली. तो नेहमीसारखा चार पावलांवर थांबला. मग पुन्हा हलला. आत्याच्या योद्ध्याच्या अगदी बाजूने पुढे आला. हातातली घंटा त्याने खाली ठेवली. एवढं मोठं धूड आधी गुडघ्यावर आलं, मग एका कुशीवर, मग हळूहळू त्या मोकळ्या जागेत, मशालीपाशी डोकं करून, आडवं झालं. एक हात ओळीबाहेर पडला. तो तसाच पडून राहिला.

आत्याचा अंगठा बटणावर होता. मग तिने तो दाबला. योद्धा वाकला, त्याने तो अवजड हात उचलला आणि ओढत ओढत अंगालगत आणला. हात सहज आला. आत्याने तो नीट केला, आणि मग आणखी एकदा, उगाचच, नीट केला.

"ढब्बू," ती म्हणाली. "तिला मी ढब्बू म्हणायची. माझ्या दुप्पट होती अंगाने. कुशीवर वळायचं म्हणजे पलंग हलायचा." आणि ती हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. तीन महिन्यांचं. बायकोने तिचं डोकं खांद्यावर घेतलं. कप्तान खिडकीशी जाऊन नाक शिंकरत राहिले. त्या दुपारी आत्या आमच्याबरोबर ताटावर बसली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मी काही या गोष्टी अशा सोडणारा माणूस नाही. आडव्या पडलेल्या घंटेवाल्याचा फोटो काढून मी मुलीला पाठवला. ती म्हणाली, बाबा, तो बसतसुद्धा नाही, झोपेल कसा? मग कंपनीला पाठवला. तीन जोडपत्रं. सोमवारी कामावर रुजू होण्याच्या सकाळी उत्तर आलं. मी ते चहा पिता पिता मोठ्याने वाचलं : "आपण वर्णन केलेली कृती या राक्षसाला करता येत नाही. असा प्रसंग खेळात अस्तित्वात नाही. सबब तक्रार निकाली."

आत्या माझ्या डब्याचं झाकण लावत होती. तिने मान वरसुद्धा केली नाही.

"त्यांना काय विचारतोस?" ती म्हणाली. "ते काय ड्यूटीवर होते?"